पाट्या मराठीत करा म्हणालात, आता त्या लिहायलाही शिकवा

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बार्शीची, बीएफए अप्लाइड आर्टच्या चौथ्या वर्षाला आहे. लोकांना सांगताना ग्राफिक डिझाइन शिकते असं सांगते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण हे एका कॉलेजचं गाऱ्हाणं नाहीये, माझ्या मैत्रिणी वेगवेगळ्या शहरांत हाच कोर्स करतात आणि बोलायला बसलो की सगळ्यांचं तेच निघतं. चार वर्षं अक्षरांचा कोर्स करून आम्हाला आपलीच अक्षरं नीट येत नाहीत.

माझे वडील, अण्णा, पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. चुन्याचा दोरा मारून वरची रेघ पक्की करायची, मग खडूनं अक्षरं नुसती मांडून बघायची, कुठं काना येतो कुठं वेलांटी येते त्याप्रमाणे जागा सोडायची आणि मगच ब्रश उचलायचा. "मूर्ती" लिहायचं तर वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार, म्हणजे एकाच शब्दाला तीन मजले लागतात, हे मला सहावीतच माहीत होतं कारण मी खाली डबा धरून उभी असायचे.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेलाही अक्षरलेखन होतं. शासनाचीच परीक्षा ती, दहावीला तिचे वाढीव गुण मिळतात, खेड्यापाड्यातली पोरं जीव लावून देवनागरी काढतात. मग सीईटी दिली, ॲडमिशन मिळालं, वाटलं आता पुढचं शिकवतील. पहिल्या वर्षी टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची मांडणी, सुरू झाली ती गॅरामाँड आणि हेल्व्हेटिका या इंग्लिश फॉन्टनं. सेरिफ, एक्स-हाइट, असेंडर, डिसेंडर, सगळी इंग्लिश अक्षरांच्या भागांची आणि मापांची नावं. ते सगळं मला आवडलं, खोटं कशाला बोलू, आजही आवडतं. पण एक्स-हाइट म्हणजे छोट्या x ची उंची, ती आपल्या अक्षराला कुठून आणायची? ते वरच्या रेघेला टांगलेलं असतं, इंग्लिशसारखं खालच्या रेघेवर, बेसलाइनवर उभं नसतं. हे मी विचारलं तर सर म्हणाले की सिलॅबसमध्ये नाही, वेळ उरला तर शेवटी बघू. वेळ उरला नाही. त्यात सरांचा दोष नाही, ते तासिका तत्त्वावर होते आणि तीन विषय एकटे शिकवत होते.

दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये पोस्टरवर "विद्यार्थी" टाइप केलं तर वेलांटी उडी मारून भलतीकडे, द्य फुटलेला, रफार चुकीच्या अक्षरावर. वर्गातल्या एका मुलानं शेवटी मराठी काढून इंग्लिश हेडलाइन टाकली आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले. खूप दिवसांनी एका व्हिडिओत बघितलं की परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये एक सेटिंग बदललं की सगळं जागेवर येतं. पाच मिनिटांचं काम, ते आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाच मिनिटांपायी किती पोरांनी मराठी सोडून दिली असेल याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. २०२२ ला कायदा बदलून सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असंही त्यात आहे, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली. मला आनंदच झाला होता. पण त्या घाईत ज्या पाट्या लागल्या त्या एकदा गाडी हळू करून बघा साहेब. इंग्लिश नाव नीट डिझाइन केलेलं आणि त्याच्या शेजारी मराठी कुठल्यातरी फॉन्टमध्ये टाइप करून जागेत बसवायला आडवं ताणलेलं, उभे दांडे जाड आणि शिरोरेघ बारीक झालेली. दऱ्या लिहायचं तिथं दर्या. एक डोंगरातली आणि एक समुद्र, पण फॉन्टमध्ये तो र नाही आणि लावणाऱ्याला फरक माहीत नाही. हे करणारी मुलं आळशी नाहीत, त्यांना शिकवलंच नाही कुणी. कायद्यानं पाटी मागितली पण पाटी करणारा हात कुठल्या वर्गात तयार होणार ते ठरलंच नाही, आणि तो वर्ग तुमच्या खात्यात येतो.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असं तर मुळीच नाही. १९७१ साली राज्याच्याच भाषा संचालनालयानं बापूराव नाईकांचा देवनागरीच्या टाइपोग्राफीवरचा तीन खंडांचा ग्रंथ छापला. विंडोजवरचा मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. कमल शेडगेंनी नाटकांची नावं अशी लिहिली की लोक अक्षरावरून नाटक ओळखायचे. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट आज कुणीही फुकट उतरवून वापरू शकतो. सुलेखनकार अच्युत पालवांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात पोस्टर स्पर्धा झाली, ती पण आम्ही जमेल तशा फॉन्टवर भागवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर मराठीतला ल आणि श कसा असावा याचा जीआरसुद्धा निघाला, ल पाकळीचा आणि श देठाचा. माझ्या वर्गात हे किती जणांना ठाऊक आहे विचारलं तर एकही हात वर आला नाही, आणि उद्या शासनाच्या जाहिराती करायला आम्हीच जाणार आहोत.

म्हणून मागणी एवढीच की अप्लाइड आर्टला देवनागरी हा चारही वर्षं सक्तीचा, स्वतंत्र मार्कांचा विषय करा. हातानं लिहिणं पहिल्या वर्षी, टाइपसेटिंग दुसऱ्या, पुढे फॉन्ट बनवणं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाला २०२३ ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, ते त्यांचा सिलॅबस स्वतः ठरवू शकतात, पण बाकी कॉलेजं विद्यापीठांच्या सिलॅबसला बांधलेली आहेत, तिथं तुम्ही सांगितल्याशिवाय हलणार नाही. आणि कृपा करून शिक्षकांच्या जागा भरा, विषय आला आणि शिकवणारं कुणी नाही असं व्हायला नको. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, मराठीत बोललं तर चालेल हेही एकदा लेखी कळवा, आमच्यातल्या कितीतरी जणांची कामं चांगली असतात पण इंग्लिशमध्ये मांडताना जीभ अडखळते.

शिकवणारे आणायचे कुठून असं म्हणाल तर यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ ला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे कामातल्या अनुभवी माणसाला शिकवायला घ्यायची सोय केलीय, १५ वर्षांचा अनुभव असला तर डिग्रीची अट नाही आणि ललित कला त्यात येतात. महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्यात असे जुने पेंटर आहेत. बरेचसे साठीच्या पुढे गेलेत, काहींचे हात थरथरायला लागलेत, म्हणजे हे पुढच्या पाच वर्षांत करायचं काम आहे, नंतर करून उपयोग नाही. प्रोफेसर म्हणून नको तर वर्कशॉपला तरी बोलवा, पण रीतसर मानधन देऊन, शाल-नारळावर नाही.

अण्णांना मी विचारलंय. आधी नाही म्हणाले, मी दहावी नापास, कॉलेजच्या पोरांना काय शिकवू म्हणाले, मग दोन दिवसांनी स्वतःच माळ्यावरून ब्रशचा डबा काढला आणि धुऊन उन्हात ठेवला. आठवड्यातून दोन दिवस एसटीनं यायला तयार आहेत. कॉलेजकडून पत्र तेवढं लागेल.

आपली नम्र,
अप्लाइड आर्टची एक विद्यार्थिनी