अर्धशिशीचे पर्यायी उपचार आणि कॅलेंडरवरच्या नोंदी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलामुलींची अर्धशिशी आणि तिच्यावर घरोघरी होणारे पर्यायी उपचार यांविषयी हे पत्र लिहीत आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझी थोरली मुलगी पंधरा वर्षांची असून यंदा दहावीत आहे, आणि गेली तीन वर्षे ती या दुखण्याने हैराण आहे. या काळात आम्ही केलेल्या उपायांपैकी काही उपयोगी पडले, बरेचसे निरुपयोगी ठरले आणि एक उपाय तर अंगाशी आला. पर्यायी उपचार शोधणाऱ्या पालकांना एक तर अडाणी ठरवले जाते, नाहीतर "आमच्याकडे या, मुळापासून जाईल" असे सांगून ओढले जाते. या दोहोंच्या मधली वाट आम्हाला फार उशिरा सापडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले दीड वर्ष आमच्या घरात हे दुखणे 'पित्त' म्हणूनच ओळखले जात होते. शाळेतून आली की मुलगी कपाळ धरून बसायची, उजेड नको म्हणायची, स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वासानेही तिला मळमळायचे, आणि उलटी होऊन झोप लागली की तासा-दोन तासांनी ती बरी होऊन उठायची. पित्त पडले, मोकळी झाली, असे म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडत असू. आपल्याकडे उलटीसह दुखणाऱ्या बहुतेक डोक्यांचे खापर पित्तावर फुटते आणि मुले वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या खात राहतात. त्यात नावात 'अर्ध' असले तरी या वयात पुष्कळदा दोन्ही बाजू दुखतात, आणि मोठ्यांच्या मानाने मुलांचा झटका लवकर, कधी दोन तासांतही ओसरतो. सकाळी चाचणीच्या वेळी डोके धरून बसलेली मुलगी संध्याकाळी हसतखेळत दिसली की ती नाटक करत होती असे शिक्षकांना वाटते. माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल मलाही एकदा तसेच वाटले होते आणि मी त्याला सर्वांसमोर बोलले होते. त्याची खंत मला आजही आहे.

नेत्रतपासणी झाली, चष्म्याचा नंबर निघाला नाही आणि मग उपायांची रांग लागली. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावत. नणंदेने सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाण्याचा उपाय सांगितला, तो एकवीस दिवस केला. नाकात तुपाचे थेंब सोडले, शेजारच्या आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. यांतल्या कशालाही मी नावे ठेवणार नाही, कारण अंधाऱ्या खोलीत आजीचा हात कपाळावरून फिरत असताना मुलगी शांत होत असे, हे मी रोज पाहिले आहे. आयुर्वेदाच्या एका पदवीधर वैद्यबाईंकडेही आम्ही गेलो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे अकरा शिरोरोग वर्णिले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' (अर्धे डोके दुखणे) आणि 'सूर्यावर्त' (सूर्य चढेल तसे वाढणारे डोकेदुखणे) येतात, हे त्यांनीच मला समजावले. त्यांनी नस्य, म्हणजे नाकात औषध सोडण्याचा उपचार, सुचवला, पण त्याआधी मुलगी कोणकोणत्या गोळ्या घेते, पाळी नियमित आहे का, झोप किती, हे सारे विचारून कागदावर लिहून घेतले, आणि सर्दी असताना नस्य करायचे नाही असे बजावले. उपचार करणारी व्यक्ती कोणत्या पॅथीची आहे यापेक्षा ती काय विचारते आणि काय लिहून ठेवते हे पाहावे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

अंगाशी आले ते दुसरेच. एका परिचितांच्या आग्रहावरून आम्ही परगावच्या एका औषध देणाऱ्याकडे गेलो. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या करड्या चूर्णाच्या तीस पुड्या त्याने दिल्या. पुडीवर ना नाव होते, ना घटक, ना परवाना क्रमांक. आत काय आहे असे विचारल्यावर घराण्यातले औषध आहे, एवढेच उत्तर मिळाले. आठच दिवसांत डोके दुखायचे थांबले आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात मुलीची भूक अनावर वाढली, गाल सुजल्यासारखे दिसू लागले आणि पुड्या संपताच दुखणे पूर्वीपेक्षा जोराने परतले. चूर्णात स्टेरॉइड असावे, असा अंदाज पुढे तज्ज्ञांनी व्यक्त केला. पुड्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे तपासणी करता आली नाही, परंतु बिनानावाच्या चूर्णांत स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली सापडल्याची उदाहरणे आपल्या देशात थोडी नाहीत. काही भस्मयुक्त औषधांत शिसेही आढळले आहे, आणि शिसे अंगात साठले तर त्याने डोके आणि पोट दुखते. म्हणजे ज्यासाठी औषध घ्यावे तेच दुखणे औषधातून यावे, असा हा प्रकार आहे.

आम्ही ही गोष्ट वेळेवर कोणालाच का सांगितली नाही, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. त्यापूर्वी एका डॉक्टरांना वैद्यबाईंच्या नस्याविषयी सांगितले होते, तेव्हा "आधी ते सगळे थोतांड बंद करा आणि मग माझ्याकडे या," असे ते मुलीदेखत म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही दवाखान्यात तोंड मिटून बसू लागलो. पुड्या चालू असताना त्याच डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या आणि दोहोंचा एकमेकांशी काय संबंध येतो हे पाहणारे कोणीच नव्हते. लपवण्यात चूक आमचीच होती, पण रागावलेल्या माणसापुढे पालक खरे बोलत नाहीत हे डॉक्टरांनीही ध्यानात घ्यावे.

मिरजेतील ज्या मेंदूविकारतज्ज्ञांनी शेवटी मार्ग दाखवला, त्यांचा पहिला प्रश्न, "आणखी काय काय देता ते सगळे सांगा, मी रागावणार नाही," असा होता. आम्ही सगळे सांगितले. त्यांनी तपासून अर्धशिशीचे निदान केले आणि पुढच्या भेटीला येताना महिन्याची नोंद घेऊन यायला सांगितले. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असते, त्यावर दुधाचे खाडे मांडायची माझी सवय आहे. त्याच चौकोनांत डोके दुखले की तांबडी फुली आणि वेदनाशामक गोळी घेतली की निळा ठिपका, अशी खूण मुलगी स्वतः करू लागली.

महिनाअखेर निळे ठिपके सतरा दिवशी निघाले. गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत होती, कधी मी द्यायची, कधी तिचे बाबा, कधी ती शाळेच्या दप्तरातली घ्यायची, त्यामुळे एकूण मोजदाद कोणीच केली नव्हती. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हे तेव्हा आम्हाला कळले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या कमी केल्या. पहिले आठ दिवस फार कठीण गेले, पण पुढे फुल्या विरळ होत गेल्या.

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या नजरेस आली. नोंदीच्या पहिल्या दोन्ही महिन्यांत एकेक तांबडी फुली संकष्टीच्या चौकोनात किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी होती. दहावीत चांगले गुण मिळावेत म्हणून मुलगी संकष्टी करू लागली होती, आणि चंद्रोदय होऊन ताटावर बसायला कधी साडेनऊ, कधी दहा वाजत. उपाशी राहिल्याने अर्धशिशीचा झटका येऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर सासूबाई चटकन म्हणाल्या, "पोरी, तू जेवायचंस. तुझ्या नावची संकष्टी मी धरते." पहाटे साडेसहाच्या क्लासला ती नुसत्या चहावर जाते आणि क्लासच्या पुढच्या परीक्षेच्या धास्तीने डबा तसाच परत आणते, हेही त्या फुल्यांवरूनच उलगडले. दूध-जिलेबीच्या एकवीस दिवसांत तिला जो थोडा उतार पडला होता, तो पहाटे पोटात काहीतरी गेल्यामुळे असावा, असे आता मला वाटते.

कोणता उपाय 'लागू पडला' हे ठरवणे इतके अवघड का, याचा उलगडा मला एका संशोधनाने केला. अमेरिकेत ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्धशिशी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या दोन प्रचलित औषधांची तुलना औषधाचा अंश नसलेल्या गोळीशी केली होती. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या मुलांचे प्रमाण अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत ५२ टक्के, टोपिरामेट घेणाऱ्यांत ५५ टक्के आणि नुसती गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के निघाले. कोणी लक्ष देते आहे, नियमित विचारपूस होते आहे, यानेच एवढ्या मुलांना आराम पडत असेल, तर प्रत्येक पॅथीच्या जाहिरातीत बरे झालेल्या मुलांचे दाखले का सापडतात हे कोडे राहत नाही. त्याआधी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांपैकी ज्यांना अमिट्रिप्टिलिनसोबत कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी मिळाली, त्यांचे डोकेदुखीचे दिवस दर चार आठवड्यांमागे सरासरी साडेअकरांनी घटले. औषधासोबत केवळ माहिती मिळालेल्यांचे पावणेसातांच्या आसपास घटले. या थेरपीत समुपदेशक मुलांना स्नायू सैल सोडणे, श्वासावर लक्ष ठेवणे, दुखण्याच्या भीतीला तोंड देणे टप्प्याटप्प्याने शिकवतात. माझ्या मते पालकांनी खरा पर्याय शोधायचा तो इथे, परंतु तालुक्याच्या गावी असा समुपदेशक मिळणे मुश्कील आहे. आमची मुलगी सध्या शाळेतल्या योगशिक्षिकेकडून शवासन आणि दीर्घ श्वसन शिकते आहे. जेवण, पाणी आणि झोपेच्या वेळा आम्ही पाळतो. तज्ज्ञांनी झटक्यासाठी दिलेले औषध ती डोके चढायच्या आधी घेते. वैद्यबाईंचे नस्यही तज्ज्ञांना सांगून चालू आहे. एका वेळी एकच नवा उपाय, दोन-तीन महिने नोंद आणि फुल्या घटल्या नाहीत तर तो बंद, असा आमचा नियम आहे.

मात्र डोके अचानक, कधी दुखले नव्हते इतके भयंकर दुखले, ताप येऊन मान आखडली, फिट आली, हातपाय लुळे पडले, दिसायला कमी झाले, किंवा रोज पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या होऊ लागल्या, तर कोणताही घरगुती वा पर्यायी उपाय करत बसू नये, मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. तसेच सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये.

शाळांना माझी विनंती आहे की अशा मुलांना तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, मधल्या सुट्टीआधी दोन घास खाऊ द्यावेत आणि गरज पडल्यास अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्यावे. आमच्या शाळेत प्रयोगशाळेशेजारची खोली आम्ही त्यासाठी मोकळी केली आहे. आपल्यालाही दोन विनंत्या आहेत. औषधांच्या चमत्काराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे, तेव्हा अर्धशिशी मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती त्याच्या कसोटीवर पाहून मगच छापाव्यात. आणि परीक्षांचा हंगाम सुरू होण्याआधी आरोग्य पुरवणीत एक पानभर कोरा तक्ता द्यावा, ज्यात तारीख, डोके दुखल्याची वेळ, जेवण, झोप, पाळी, घेतलेली प्रत्येक गोळी आणि चालू असलेला प्रत्येक काढा, लेप वा पुडी लिहायला रकाने असतील, म्हणजे पालकांना तो कापून भिंतीला लावता येईल आणि दवाखान्यात जाताना सोबत नेता येईल.

आपली विश्वासू,
एक पालक व शिक्षिका,
जि. सांगली