निकाल जाहीर करा, नंबर नको : शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षेच्या निकालाच्या टक्केवारीवर सरकारी माध्यमिक शाळांची क्रमवारी लावून ती छापायची, वरच्यांचा सत्कार करायचा आणि खालच्यांना नोटीस द्यायची, असा आपल्या खात्याचा बेत आहे. त्या क्रमवारीला माझा विरोध आहे. मात्र निकाल झाकून ठेवा म्हणणाऱ्यांतला मी नाही. हे आधीच सांगतो, कारण क्रमवारीवर बोट ठेवलं की ‘मास्तरांना हिशेब द्यायला नको’ हे उत्तर तयारच असतं. हिशेब द्यायलाच हवा. मी तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून तो मांडायचा कसा, एवढ्यापुरतंच लिहितो.

दोन शाळा धरा. दोन्हींकडे शिकवणं अगदी सारखं, इतकं की कुठल्याही मुलाची पास होण्याची शक्यता शंभरात ऐंशी. एकीतून परीक्षेला ४०० मुलं बसतात, दुसरीतून २५. मोठ्या शाळेचा निकाल बहुतेक वर्षी ७६ ते ८४ टक्क्यांच्या आत राहील. छोटीचा मात्र एका वर्षी ६४ आणि दुसऱ्या वर्षी ९६ लागला, तरी त्यात नवल नाही. तिथे एक मूल म्हणजे चार टक्के. एकाला आदल्या रात्री ताप भरला, दुसऱ्याच्या घरात मयत झाली, की आठ टक्के गेले. शिक्षक तेच, फळा तोच. म्हणून अशा यादीत छोट्या शाळा वरच्या टोकालाही जास्त दिसतात आणि तळालाही. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचे निकाल तपासून हेच दाखवलं होतं. आपण वरच्यांचा सत्कार करणार, खालच्यांना नोटीस धाडणार. पुढच्या वर्षी खालची शाळा आपसूकच थोडी वर सरकणार आणि खात्यात कुणीतरी म्हणणार, बघा, नोटीस लागू पडली!

मोठ्या शाळांना हा धोका कमी, पण त्यांच्या निकालात शाळेचं किती आणि घराचं किती, हा प्रश्न उरतोच. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पथकाने १९६६ साली अमेरिकेतल्या सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. मुलांच्या यशाचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त दिसला. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाले, पण घराचा वाटा मोठा असतो हे कुणाला पुसता आलं नाही. आता एक शाळा प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडते आणि दुसरी दाराशी येईल त्याला घेते. दोघींना एकाच यादीत उभं केलं, तर पहिला नंबर शाळेचा म्हणायचा की चाळणीचा?

यादीने शिक्षकांच्या खोलीत काय होतं, ते मी आतून पाहिलंय. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी मुलांचे तीन गट पाडायला सांगितले : पास होणारच, काठावरचे आणि गेल्यात जमा. जादा तास फक्त काठावरच्यांना. तिसऱ्या गटात एक मुलगी होती. वर्षाच्या सुरुवातीला तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. आता ती अडखळत का होईना, समीकरण सोडवू लागली होती. माझ्या वर्गात त्या वर्षी सगळ्यांत जास्त अंतर तिनेच कापलं होतं. शाळेच्या नंबरासाठी त्याची किंमत शून्य, कारण ती तरीही नापासच होणार होती. जादा तास मी घेतले. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

हे आमच्याच शाळेत झालं असं नाही. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते निघू लागले. ‘पाच विषयांत सी किंवा वरची श्रेणी’ हा आकडा पुढे अनेक वर्षं मोठा मानला गेला, आणि तिथेही लक्ष सी-डीच्या काठावरच्या मुलांकडे वळलं.

माझ्या बाजूला अडचणीची एक गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्सने २००१ मध्ये असे तक्ते बंद केले. नंतर ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंग्लंडशी तुलना केली, तेव्हा वेल्समधल्या शाळांचं काम घसरलेलं दिसलं. वरच्या पाव शाळांना फरक पडला नाही, फटका बसला तो बाकीच्यांना. तेव्हा पडदा टाकणं हा उपाय नाही, हे मला मान्य आहे.

मग छापायचं काय? मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि बाहेर पडताना कुठे पोचलं, ते अंतर. इंग्लंडने २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी असं माप वापरलं. ते निर्दोष नाही, घरच्या परिस्थितीचा हिशेब त्यात पुरेसा येत नाही. तेही एका वर्षाचं नको, तीन वर्षांचं एकत्र द्या आणि आकड्यापुढे तो किती हलू शकतो तेही लिहा. ज्या दोन शाळांतला फरक त्या हलण्यात बुडून जातो, त्यांना एकविसावी आणि चौतिसावी म्हणू नका. आणखी एक रकाना माझ्या आग्रहाखातर घाला : प्रवेशाच्या वर्षी पटावर किती मुलं होती आणि परीक्षेला त्यांतली किती बसली. निकाल सुधारायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे कच्च्या मुलाच्या हातात दाखला ठेवणं, हे प्रत्येक शाळेला ठाऊक असतं.

पालकांना माहिती हवी, हा आपला मुद्दा खरा आहे. पण पालक आजच्या निकालावर शाळा निवडतात आणि त्यांचं मूल परीक्षेला बसतं पाच-सहा वर्षांनी. जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन या अभ्यासकांनी २००९ मध्ये इंग्लंडच्या आकड्यांवर ही अनिश्चितता मोजली, तेव्हा एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या काढता येतील अशा शाळा फारच थोड्या उरल्या.

एवढी एक विनंती. नवी यादी छापायला देण्याआधी मागच्या पाच वर्षांचे निकाल याच सूत्राने लावून पाच याद्या शेजारी शेजारी ठेवायला सांगा. मग पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळांवरून बोट फिरवा, कोण कुठून कुठे गेलं ते पाहा. नोटिशींवर सही त्यानंतर करा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक