दागिन्यांची नोंद जाण्यापूर्वीच करा

मा. संपादक,

सुट्ट्या लागल्या की लेकीकडे, मुलाकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांची पुण्यातून रीघ लागते. व्हिसा, विमा, भाजणी, मेतकूट, सगळे आठवणीने होते. अंगावरच्या सोन्याची नोंद मात्र राहून जाते. मग दोन महिन्यांनी परतताना कस्टम्सचा अधिकारी विचारतो, ‘या पाटल्या कुठे घेतल्या?’ पाटल्या लग्नातल्या असतात, पण तसे सांगणारा कागद जवळ नसतो.

हा कागद निघतानाच मिळतो. त्याला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. विमानतळावर निर्गमनाच्या बाजूला कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दागिने प्रत्यक्ष दाखवायचे. तो वजन व वर्णन पाहून दाखला देतो. सोबत सराफाची पावती, ती नसेल तर मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा दाखला, आणि दागिन्यांचे स्पष्ट फोटो असावेत. महागडा कॅमेरा नेत असाल तर त्याचा सीरियल नंबरही नोंदवून घ्यावा. दागिने चेक-इनच्या बॅगेत गेले की दाखवायला काही उरत नाही, म्हणून हे काम बॅग सोपवण्याआधी करावे आणि त्यासाठी तासभर लवकर पोहोचावे. मुंबईहून विमान असेल, तर आपल्या घाटातल्या खोळंब्याचा वेळ त्यात वेगळा धरावा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. महिलांना ४० आणि पुरुषांना २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणण्याची सवलत आहे, एवढेच ऐकलेले असते. ती सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. दोन महिने राहून दुबईत चार तोळ्यांच्या नव्या बांगड्या घेतल्या, तर ती लागू होत नाही. अशा वेळी, किंवा नुसती शंका असली तरी, विमानतळावरच्या कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन माल जाहीर करावा. हिरव्या मार्गाने चालत गेलात की ‘शुल्कपात्र काही नाही’ असे तुम्ही जाहीर केले, असाच अर्थ होतो. नंतरचा खुलासा मग फार कमी कामाला येतो. परकीय नोटा ५,००० डॉलरहून अधिक, किंवा नोटा व ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरहून अधिक असतील, तर त्यांचाही फॉर्म भरावा लागतो. ई-सिगारेट तर आणूच नये, तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे.

चौकशी सुरू झालीच तर घाबरून कुठेही सही करू नये. सीमाशुल्क (कस्टम्स) कायद्याच्या कलम १०८ खाली दिलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वापरला जातो, त्यामुळे तो वाचून, समजून घेऊनच सही करावी. ‘कारणे दाखवा नोटीस नको’ अशा छापील मजकुराबाबत तर विशेष सावध राहावे, कारण त्यावर सही म्हणजे माल सरकारजमा होण्याआधी लेखी नोटीस मिळण्याचा हक्क सोडणे. अंगझडती घ्यायची असेल, तर आधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी कलम १०२ नुसार करता येते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. वस्तू ठेवून घेतली, तर वजन व वर्णन लिहिलेली पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

लोहगावच्या पुणे विमानतळाच्या टर्मिनलमध्ये चेक-इनच्या रांगेजवळच या दाखल्याची माहिती देणारा ठळक मराठी फलक हवा, आणि पुण्यातल्या सहल कंपन्यांनी तिकिटासोबतच्या सूचनांत ती छापावी. सत्तरीतल्या बाईला मंगळसूत्राचा हिशेब द्यायची वेळ येऊ नये, यासाठी एवढे सहज करता येईल.

— एक वाचक, कोथरूड, पुणे