विषय: वायरलेस फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून तक्रार ‘निकाली’ काढल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या हेल्पलाइनवरचे माझे पाचवे संभाषण संपले, म्हणजे पलीकडून संपवण्यात आले, आणि त्यानंतर पाच मिनिटांतच ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे’ असा संदेश मोबाइलवर आला. निराकरण झालेले नाही.

बेळगावच्या दुकानातून मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपला फ्लॅश 18,500 रुपयांना घेतला. आपल्याच कंपनीचा कॅमेरा माझ्याकडे तीन वर्षांपासून आहे, आणि त्याच्या पॉप-अप फ्लॅशमध्ये कमांडर मोड, म्हणजे दूर ठेवलेल्या फ्लॅशला हुकूम देण्याची सोय, आहे. फ्लॅशच्या खोक्यावर वायरलेस रिमोटचे चिन्ह ठळकपणे छापलेले आहे, आणि कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर ठेवून पॉप-अप फ्लॅशच्या इशाऱ्याने तो उडवता यावा एवढ्याच कारणासाठी मी हे मॉडेल निवडले. दिवाळीपर्यंतची किरकोळ कामे मी तो कॅमेऱ्यावर लावूनच केली आणि तेथे तो उत्तम चालला. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे, कारण कॅमेऱ्यावर तो चालत नाही अशी तक्रार मी एकदाही केलेली नाही.

तुळशीचे लग्न झाले की आमच्या भागात लग्नसराई सुरू होते. खानापूर तालुक्यातील पहिल्याच लग्नात मी हा फ्लॅश अम्ब्रेला लावून मंडपाच्या डाव्या बाजूस उभा केला. प्रत्येक फोटोला तो उडताना सगळ्या वऱ्हाडाने पाहिला, आणि एकाही फोटोत त्याचा उजेड आला नाही. नवरीचा अर्धा चेहरा अंधारात असलेले 43 फोटो माझ्याकडे आहेत. शेवटी फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवून, छताकडे तोंड करून मी वेळ मारून नेली, पण अक्षता पडतानाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

चॅनल, गट आणि रिमोट मोड म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, म्हणून मी फक्त काय तपासले ते लिहितो. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही चॅनल 1 वर, फ्लॅश ए गटात, सेल नवे, फ्लॅशची सेन्सरची खिडकी कॅमेऱ्याकडे वळवलेली, अंतर दीड मीटर आणि खोलीत अंधार, म्हणजे ऊन डोळ्यात गेले किंवा मध्ये खांब आला ही सबबही उरत नाही. शटर 1/60 वर ठेवले तरी फोटो काळा. सिंकचा, म्हणजे शटर आणि फ्लॅश यांची वेळ न जुळण्याचा, दोष असावा म्हणून शटर दोन सेकंद उघडे ठेवले, तरीही फोटो काळा. याचा अर्थ फ्लॅश शटर उघडण्यापूर्वीच उडून मोकळा होतो. पुढे कॅमेऱ्यावरून ए गटाची ताकद पूर्ण ठेवून आणि मग 1/64 वर आणून पाहिली, तर डोळ्यांना दिसणारा लखलखाट तसाच राहिला. पॉप-अप फ्लॅश आधी सांकेतिक लुकलुक करून हुकूम देतो आणि त्यानंतर प्रत्यक्ष उडण्याचा इशारा देतो. हा फ्लॅश मात्र रिमोट मोडमध्ये असूनही साध्या स्लेव्हसारखा, म्हणजे कोणताही लखलखाट दिसताच उडणाऱ्या फ्लॅशसारखा, पहिल्याच लुकलुकीला उडतो आणि हुकूम ऐकतच नाही. अक्षता पडण्याआधीच पंगतीत जाऊन बसणाऱ्या पाहुण्यासारखे हे वागणे आहे. शहापूरच्या माझ्या एका व्यवसायबंधूचा आपल्याच कंपनीचा जुना फ्लॅश त्याच जागी, त्याच चॅनलवर ठेवला, तेव्हा पहिल्याच फोटोत उजेड आला. म्हणजे कॅमेरा निर्दोष आहे आणि दोष या नव्या फ्लॅशमध्येच आहे. याहून सोपा पुरावा मला देता येणार नाही.

हे सर्व एका पानावर लिहून मी फ्लॅश आपल्या बेंगळुरूच्या सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवला. 19 दिवसांनी तो परत आला. सोबत एका ओळीचा अहवाल होता: फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून तपासला, दोष आढळला नाही. माझे पान घडीही न मोडता परत आले होते.

आता आजच्या संभाषणाविषयी. भाषेचे तीन पर्याय होते आणि त्यांत मराठी नव्हती, हे सीमाभागात राहणाऱ्याला नवे नाही. मी हिंदी निवडली. प्रतिनिधीने विचारले, फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला आहे का? मी म्हटले, नाही, तो दूर ठेवल्यावर चालत नाही हीच तक्रार आहे. ते म्हणाले, आधी बसवा. मी बसवला. ते म्हणाले, फोटो काढा. मी काढला. उजेड आला का? आला. मग सर, फ्लॅश चालतो आहे. मी शांतपणे, निदान माझ्या समजुतीप्रमाणे शांतपणे, सांगितले की कॅमेऱ्यावर तो चालतो हे मला खंडेनवमीपासून माहीत आहे. मला उजेड बाजूने हवा आहे. यावर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मला वाटले, ते वरिष्ठांना विचारत असावेत. मग उत्तर आले: ‘उजेड बाजूने हवा असेल तर कॅमेरा घेऊन बाजूला जा ना, सर.’

महोदय, मी 22 वर्षे हा व्यवसाय करतो. नवरीचा समोरून फोटो घ्यायचा आणि उजेड तिच्या डाव्या गालावर पाडायचा, तर मी तिच्या डावीकडे जावे आणि तिचा कान टिपावा, अशी ही सूचना आहे. मी कमांडर मोड हा शब्द उच्चारला, तेव्हा मला त्याचे स्पेलिंग विचारण्यात आले. त्यानंतर मला वेगळा रेडिओ ट्रिगर, म्हणजे रेडिओ लहरींनी दूरचा फ्लॅश उडवणारे उपकरण, विकत घेण्याचा सल्ला मिळाला, आणि पुढे मी काही बोलण्याआधी फोन बंद झाला. रेडिओ ट्रिगरला समोरासमोर असण्याची गरज नसते आणि तो उन्हातही चालतो, हे मला ठाऊक आहे. परंतु जे खोक्यावर छापून विकले, त्यासाठी मी पुन्हा पैसे का मोजावेत? पॉप-अप फ्लॅशने दूरचा फ्लॅश उडवणे हे काही चंद्रावर जाण्याचे काम नाही; निकॉनने ही सोय 2004 च्या डी70 मध्ये आणि कॅननने 2009 च्या 7डी मध्ये दिली होती. आपल्या जुन्या फ्लॅशलाही ते जमते, हे वर लिहिलेच आहे. कॅमेऱ्यावर लावून फ्लॅश चालतो, हे मी पुन्हा एकदा मान्य करतो, म्हणजे सहाव्या वेळी कोणी तपासायला नको.

माझ्या स्टुडिओच्या पाटीवर आपल्या कंपनीचे चिन्ह आहे आणि ते मी स्वतःच्या खर्चाने रंगवून घेतले होते. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मी आजवर आपलाच कॅमेरा घ्यायला सांगत आलो. गेल्या आठवड्यात एकाने विचारले, तेव्हा मी विषय बदलला.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत फ्लॅश बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. बदलून देणार असाल, तर नवा फ्लॅश पाठवण्यापूर्वी पॉप-अप फ्लॅशच्या कमांडर मोडवर, कॅमेऱ्यापासून किमान दोन मीटर दूर ठेवून तपासावा आणि तसे लेखी द्यावे. अन्यथा मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. त्यामुळे मला बेंगळुरूला यावे लागणार नाही. आपल्याला मात्र सुमारे 500 किलोमीटर प्रवास करून बेळगावला यावे लागेल. येताना फ्लॅश आणि कॅमेरा वेगवेगळ्या पिशवीत आणावेत.

बिलाची प्रत, सेवा केंद्राचा अहवाल, 43 पैकी 6 फोटो आणि जुन्या फ्लॅशने काढलेला उजळ फोटो सोबत जोडला आहे. आपल्या प्रतिनिधीला पाचपैकी किती गुण द्याल, असा संदेशही मघाशी आला आहे. त्याचे उत्तर म्हणून हेच पत्र ग्राह्य धरावे.

आपला ग्राहक,
एक छायाचित्रकार, बेळगाव