आईच्या नाकावर विश्वास ठेवणाऱ्या वायरमनदादांना

आदरणीय वायरमनदादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या माहीमच्या घरी येऊन गेलात, त्याला आज आठ दिवस झाले. त्या दिवशी निरोप देताना माझ्या तोंडून नुसते "थँक्यू" निघाले आणि ते किती अपुरे होते, हे मला तेव्हापासून टोचत राहिले आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि आईला तिच्या खोलीत वास येऊ लागला. मासळीसारखा, पण थोडा जळकट. कोळीवाड्याच्या अंगाला राहणाऱ्यांना मासळीच्या वासाचे नवल नसते, त्यामुळे शेजारच्या मावशी गॅलरीत बोंबील वाळत घालतात त्याचाच हा वास, असे आम्ही ठरवून टाकले आणि मी त्यांच्या दारात जाऊन नको ते बोलूनही आले. मावशींची माफी मी समक्ष मागितली आहे. ती येथेही पुन्हा मागते.

आई मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती की हा बोंबलाचा वास नव्हे. जिचा जन्म मासे निवडण्यात गेला, तिच्या शब्दाला त्या वेळी कोणी किंमत दिली नाही. तुमच्याआधी आलेल्यांपैकी एकाने नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे न्हाणीघरातले पाणी जाण्याच्या तोंडावरच्या, जाळ्या उचलून फिनेल ओतले, दुसऱ्याने माळ्यावर उंदीर मेला आहे का ते पाहिले, तिसऱ्याने गॅसच्या पाइपला साबणाचे पाणी लावून पाहिले. सगळे भरदुपारी आले आणि "इथे कसलाच वास नाही" असे सांगून, पैसे घेऊन गेले. त्यांच्यातील एका गृहस्थांनी तर आईच्या देखत मला सांगितले, "मॅडम, या वयात भास होतात, डॉक्टरांना दाखवा." मी त्यांना गप्प केले नाही, याची मला फार लाज वाटते. त्या दिवसानंतर आईने वासाचे नावच काढले नाही. रोज सकाळी ती नाकाला पदर लावून खिडकीशी बसून राहायची.

तुम्ही खरे तर पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आला होता. आई अशी का बसली आहे, हे तुम्ही मला न विचारता तिलाच विचारलेत आणि तिचे सगळे ऐकून घेऊन पुढचा प्रश्न केलात, "आजी, वास येतो तेव्हा घरात काय चाललेलं असतं?" आई म्हणाली, "सगळ्यांच्या आंघोळी." दीड महिन्यात हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. तुम्ही गीझर लावायला सांगितलेत आणि आईच्या खाटेशी जमिनीवर बसून राहिलात. थोड्या वेळाने म्हणालात, "येतोय, आजी. मलाही येतोय."

कपाटामागचे गीझरचे सॉकेट उघडल्यावर आम्ही सारेच हबकलो. स्क्रू सैल झाला होता, वायरचे आवरण तपकिरी पडून तडकले होते आणि कपाटाची फळी त्यापासून जेमतेम चार बोटांवर होती. सैल जोडापाशी विजेला अडथळा होतो, तेथे उष्णता निर्माण होते आणि सॉकेटचे प्लास्टिक भाजू लागले की त्याला असा मासळीसारखा वास सुटतो, हे तुम्ही आम्हांला समजावून सांगितलेत. आमचा गीझर 2000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जादा प्रवाह झाला की वीज तोडणाऱ्या खटक्याला, त्यात काहीच वावगे दिसत नव्हते, म्हणून तो पडत नव्हता. दुपारपर्यंत सारे थंड होऊन वासही नाहीसा होई.

परंतु दादा, हे पत्र मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या एका मिनिटासाठी. ते जळके सॉकेट तुम्ही काढलेत, आपल्या रुमालाने पुसलेत आणि माझ्याकडे न देता आईच्या तळहातावर ठेवलेत. "आजी, हाच का वास?" आईने ते नाकाशी नेले, डोळे मिटले आणि मान हलवली. मग तुम्ही म्हणालात, "तुम्ही सांगत राहिलात म्हणून घर वाचलं." आई रडली. त्या दीड महिन्यात ती प्रथमच रडली, आणि त्या संध्याकाळी ती पुन्हा पूर्वीसारखी मोठ्याने बोलू लागली.

हत्यारांची पिशवी घेऊन पुष्कळ माणसे घरी येतात आणि कामही चोख करतात. पण घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर जमिनीवर बसून तिचे म्हणणे खरे असेल असे धरून चालणे, हे सौजन्य कोणी शिकवलेले नसते. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

ते सॉकेट आईने वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवले आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते काढून दाखवते. तुम्ही एकदा जेवायला यावे, असा तिचा निरोप आहे. फक्त सोमवार, गुरुवार आणि शनिवार सोडून या, कारण तुम्ही याल त्या दिवशीचे बोंबील शेजारच्या मावशी देणार आहेत.

आपली कृतज्ञ,
तुमच्या आजींची मुलगी