आशाताई, तुमच्यामुळे झालं हे

ताई, गेल्या आठवड्यात व्हायवा झाला, पीएचडी मिळाली. थिसिसच्या आभारात तुम्हाला एका ओळीत आटोपलं ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही बीड जिल्ह्यातल्या ज्या गावात आशा म्हणून घरोघर आरोग्याचं काम करता, तिथं मी जाडजूड प्रश्नावली घेऊन आले होते, विषय ऊसतोड कुटुंबातलं नवराबायकोचं नातं, कामाची वाटणी आणि बाईचं मन. पहिल्याच घरात विचारलं काय काम करता, तर त्या म्हणाल्या काही नाही, घरीच असते, आणि मी तसंच लिहून घेतलं! बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "मॅडम, पहाटे उठल्यापासून काय काय करता ते विचारा." दुसऱ्या दिवशी त्याच बाईने उसाच्या फडावरचा दिवस सांगितला, साडेतीनला उठणं, पाणी, भाकरी, लेकरं, तोडणी, मोळ्या डोक्यावर नेऊन गाडीत भरणं, परत कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, येऊन चूल... माझं पेन थांबेना. कोणाचा वेळ कशात जातो हे मोजणाऱ्या २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७, हे मला पाठ होतं, पण त्या दिवशी ते कळलं. मजुरीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवऱ्याच्या हातात, "मग तिचा अर्धा कोयता हिशोबात कुठं दिसतो का बघा," हे तुम्ही चहा गाळता गाळता बोललात आणि त्यावर माझं अख्खं चॅप्टर उभं राहिलं.

मन प्रसन्न असतं का विचारलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, सासू शेजारीच बसलेली ना. तुम्ही सासूबाईंना ओट्यावर गप्पांत गुंतवायचात आणि जाता जाता मला सांगायचात, झोप लागते का ते विचारा. तिशीही न गाठलेली एक बाई, गर्भाची पिशवी काढलेली, पाळीमुळे कामावर खाडा पडला की दंड बसतो म्हणून काढली म्हणाली, आणि रडायलाच लागली. तुम्ही तिचा हात धरलात नि मला म्हणालात, "वही मिटा." मी मिटली. तिचं पुढचं बोलणं थिसिसमध्ये नाही, कुठंच नाही.

तुम्हाला मोबदला बराचसा कामागणिक मिळतो, तरी माझ्यासाठी किती दुपारी घालवल्यात, एकदाही बोलून दाखवलं नाहीत.

दसऱ्याआधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत येतेय. सगळं साध्या मराठीत लिहून आणतेय, हापशाजवळ बसून बायकांना वाचून दाखवू, आणि कुठं चुकलं असेल तिथं मला थांबवा.