काका, पाट हलला नाही

प्रिय काका,
सा. न.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. मी सुरुवात केली की 'बरं बरं, हे घे, काकीशी बोल' म्हणून फोन तिकडे सरकवता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

1 ऑक्टोबरला मिशिगनमध्ये हरणांचा धनुष्यबाणाचा सीझन उघडतो. त्या संध्याकाळी सरकारी रानातल्या एका ओकवर मी 18 फुटांवर होतो. पायाखाली आपला 12 बाय 14 इंचांचा पाट. 'प्लॅटफॉर्म' हा शब्द तुम्ही एकदाही उच्चारला नाहीत. पहिल्या दिवशी कागदावरचं माप बघून म्हणालात, 'हा तर जेवायचा पाट झाला की रे,' आणि तेच नाव राहिलं.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा प्रकार माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. इथले शिकारी पूर्वापार झाडाला खुर्चीसारखं मचाण लावून बसतात. मी वापरतो त्या सॅडलमध्ये खुर्ची नसते. कमरेभोवती आणि मांड्यांखाली जाड पट्ट्यांची झोळी असते, तिच्या दोन कानांत दोराचा एक तुकडा असतो, आणि तो कॅराबिनरने, म्हणजे स्प्रिंगच्या तोंडाच्या कडीने, झाडाभोवती डोक्याच्या उंचीवर बांधलेल्या मुख्य दोराला अडकवायचा. मग झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. नारळाच्या झाडावर पाडेली कमरेचा दोर टाकून रेलतो, साधारण तसंच. पाय टेकायला खाली हा एवढासा पाट, मागच्या दांड्याचे दात सालीत रुतवून खोडाला पट्ट्याने आवळलेला. हरीण मागून आलं तर खोडाभोवती गोल फिरता येतं, आणि सगळं सामान पाठीवर मावतं.

बाजारात तयार पाट मिळतात. शिकारीच्या सुरक्षा कोर्समध्ये घरी बनवलेलं काही झाडावर लावू नका असं स्पष्ट सांगतात. 1960 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हा कोर्स केल्याशिवाय इथे नेहमीचा परवाना मिळत नाही, त्यामुळे मी ते ऐकून आलेलो होतो. तरीही बनवायचा होता. दोनशे डॉलर वाचवायचे होते असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे खुमखुमी. चौकोनी ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या, कापल्या, ओळखीतल्या एकाकडून वेल्डिंग करून घेतलं आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी मोठ्या ऐटीत तुमच्या गराजमध्ये आणून ठेवला. गाड्यांच्या सीटच्या चौकटी तोडून बघण्यात तुमची 30 वर्षं गेली, तेव्हा शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून वेल्डिंगवरून नख फिरवलंत. जोड सुंदर होता, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. 'जोड चांगलाय,' म्हणालात. 'जोडाच्या शेजारी तुटेल.'

मला तेव्हा राग आला होता, हे आज कबूल करतो.

दुसरीही एक अडचण होती. तुम्ही माळकरी. तुमच्याकडे या कामाला यावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला होता. मिशिगनच्या रस्त्यांवर वर्षाला 50 हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात, इथे परवाना आणि सीझन ठरवून देतात, आपल्याकडच्या 1972 च्या वन्यजीव कायद्याची गोष्ट वेगळी आणि इथली वेगळी, असा सगळा युक्तिवाद मी गाडीत पाठ करत आलो होतो. त्यातलं एक वाक्यही बोलायची वेळ आली नाही. तुम्ही म्हणालात, 'हरणाचं तू बघ, तुझं तू बघ. पण तू पडलास तर तुझ्या आईला फोन मलाच करावा लागणार. तेवढ्यासाठी मी यात आहे.'

मग ते निळं पिंप निघालं. 55 गॅलनचं, म्हणजे 208 लिटरचं. एरवी पावसाचं पाणी साठवायचं. लिटरला किलो, म्हणून वजनकाटा नको. मागच्या अंगणातल्या मेपलला साडेचार-पाच फुटांवर पाट बांधला, त्याच्या बाहेरच्या कडेवरून साखळी टाकली आणि जमिनीपासून वीतभर वर पिंप टांगलं. मी मध्यावर टांगूया म्हणालो, तर तुम्ही कागद ओढलात. पाटाची कड खोडापासून 35 सेंटिमीटर, मागच्या दांड्याची उंची 20. कडेवर उभा राहिलास तर वरच्या पट्ट्यावर वजनाच्या पावणेदोन पट ओढ येते. कपडे, बूट, पिशवी, धनुष्य धरून मी 92 किलो. म्हणजे पट्टा 161 किलोने ओढला जाणार. 'माणूस मध्यावर कधी उभा राहतो का? फोटो काढतानाच,' हे तुमचं वाक्य.

होज सोडला. दर 20 लिटरला बंद, पाच मिनिटं थांबायचं, पाटाला चिकटवलेल्या पेन्सिलीचं टोक पट्टीवर किती खाली आलं ते बघायचं, आणि तुम्ही डायरीत लिहायचं. 40 ला मला कंटाळा आला. 100 ला मी म्हणालो की माझ्या वजनाच्या वर गेलं, झालं की. तुम्ही होज पुन्हा सोडलात. 130 च्या आसपास 'टक्' असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. पाठोपाठ पाट एका बाजूला मोडून पडला, पिंप आदळून कलंडलं आणि सगळं पाणी काकींच्या मिरचीच्या वाफ्यात. काकी दारात आल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. गुडघे टेकून तुकडा उचललात आणि मला दाखवलात. वेल्डिंगला ओरखडाही नव्हता. त्याच्या अगदी कडेने, बोटभर अंतरावर, नळी फाटली होती.

मग पायरीवर बसून समजावलंत. 6061 जातीच्या ॲल्युमिनियमच्या पुढे जो टी-6 लिहितात, तो त्याच्या पाण्याचा आकडा. विळ्याला पाणी देतात तसंच, आधी तापवून निववायचं आणि मग हलक्या आचेवर मुरवायचं, त्यातून त्याची ताकद येते. वेल्डिंगच्या आचेने शेजारच्या पट्ट्यातलं ते पाणी उतरतं आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते. पुन्हा भट्टीत घालून पाणी चढवता येतं, पण ती भट्टी तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. ज्याने वेल्डिंग केलं त्याची चूक नव्हती. चूक आराखड्याची, म्हणजे माझी. मी ते तोडफोड झालेलं धूड गाडीत टाकून घरी आलो आणि दोन दिवस तुम्हाला फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, 'पाव इंची प्लेट मिळाली. ड्रिल घेऊन ये.'

दुसऱ्या पाटात वेल्डिंगचा एक ठिपका नाही. सबंध प्लेट, वजन कमी करायला भोकं पाडलेली, खाली दोन अँगल आणि सगळीकडे बोल्ट. जिथे बोल्टवर कात्रीसारखा ताण येतो तिथे तुम्ही तो दोन्ही बाजूंनी धरून घेतलात. पट्टा नायलॉनचा होता तो बदलायला लावलात, कारण नायलॉन भिजलं की ताणतं, पॉलिएस्टर आणवलंत. या वेळी पिंप काठोकाठ भरलं. पाट 11 मिलिमीटर खाली आला. पिंप रिकामं केलं तर पूर्ण वर आला नाही, 2 मिलिमीटर खालीच राहिला. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, 'परत भर.' दुसऱ्यांदा भरला, सोडला, आणि तो बरोबर त्याच 2 वर परत आला. तिसऱ्यांदाही. पहिल्या वेळी दात सालीत रुतून बसले होते, धातू वाकलेला नव्हता. एकदाच भरून थांबलो असतो तर मी पाट भंगारात टाकला असता. मग रात्रभर भरलेलं पिंप तसंच टांगून ठेवलंत. मध्यरात्री उठून टॉर्च घेऊन बघून आलात, हे मला काकींकडून कळलं.

त्या रात्री पायरीवर भडंग खाताना तुम्ही मिरजेकडच्या तुमच्या रानातल्या माळ्याची गोष्ट सांगितलीत. शाळूच्या राखणीला चार बाभळीच्या मेढी रोवून केलेला, वर गोफण आणि खड्यांची रास. तो सगळा वाखाच्या दोराने बांधलेला, आणि तुमचे आजोबा रोज सकाळी वर चढायच्या आधी प्रत्येक गाठीवर हात फिरवायचे, कारण दोर वाळला की सैल पडतो. ही गोष्ट तुम्ही बोधाची म्हणून सांगितली नव्हती. तुम्हाला गोफणीने बरोबर किती लांब खडा जायचा हे सांगायचं होतं. पण मी आता पट्टा बांधल्यावर त्यावरून हात फिरवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ती. सप्टेंबरचा दुसरा शनिवार. पाट दीड फुटांवर, मी सॅडलमध्ये, दोर वर बांधलेला. मला पाटावर उड्या मारायला लावल्यात, उजव्या कडेवर, डाव्या कडेवर. डावीकडे सगळा भार देऊन खोडाभोवती फिरलो तेव्हा पाट खोडावर गर्रकन सरकला. मेपलची साल तिथे गुळगुळीत होती. तुम्ही कानशीने दात धारदार केलेत आणि दातांची पट्टी रुंद केलीत, मग पाट सरकायचा थांबला. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, 'आता रेलून बस आणि तिकडे बघ, शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे.' मी बघितलं. आणि तुम्ही खालून पट्ट्याचं बकल सोडलंत.

काका, तुम्हाला तेव्हा जे मी बोललो ते इथे लिहिता येत नाही. पाट खणकन खाली पडला, माझे पाय हवेत, गुडघा खोडावर असा शेकला की आठवडाभर जिना एकेक पायरी उतरत होतो. पण मी चार बोटंही खाली गेलो नव्हतो, कारण दोर ताठ होता. तुम्ही हात मागे बांधून उभे. 'लागलं?' 'लागलं.' 'आता 18 फुटांवर आहेस असं समज. खाली उतर.'

आणि मला उतरता येईना. पाय ठेवायला काही नाही, चढायची शेवटची शिडी पायाला लागत नाही, झोळी मांड्यांत रुतायला लागलेली. मी पाच मिनिटं लटकत होतो आणि तुम्ही घड्याळ बघत होता. तेव्हापासून माझी वरची शिडी पाटाच्या बाजूला असते, पाय लांबवला की लागेल अशी, आणि चढताना खोडाभोवती टाकलेला कमरेचा दुसरा दोर मी वर पोचल्यावरही काढून ठेवत नाही. दीड फुटांवर हे कळलं, गुडघ्याच्या मोबदल्यात. पाट मोडला तर काय, याचा विचार मी महिनाभर करत होतो. मोडल्यानंतर काय, हा तुम्हीच केलात.

बाकी किरकोळ. बकलवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायची युक्ती तुमची, पाटाच्या कडेला हॉकीच्या काठीची टेप माझी. सरकारी रानात झाडात स्क्रू घालायला बंदी आहे हे ऐकून तुम्ही खूश झालात; पाटावर नाव-पत्ता लागतो म्हटल्यावर तो पंचने ठोकून दिलात, इंग्रजी अक्षरं सगळी थोडी तिरकी. आणि काकींना सांगा, भडंग झाडावर खाता येत नाही. तोंडात टाकलं आणि सगळ्या जंगलात ऐकू गेलं असं वाटलं. शेवटी भिजवून गिळलं.

त्या संध्याकाळी सातच्या सुमाराला एक मादी आली, मागे पाडस. माझ्या डाव्या हाताला, म्हणजे नेमकी त्याच बाजूला. मी रेललेलाच हळूहळू फिरलो, सगळा भार डाव्या कडेवर. पाटाने हूं की चूं केलं नाही. मादी खाली 15 पावलांवर उभी राहून कान हलवत होती. तिने वर बघितलं नाही. मध्ये फांदी होती, बाण सोडण्यासारखी जागा मिळाली नाही, आणि ती निघून गेली. अंधार पडल्यावर उतरलो आणि गाडीत बसून तुम्हाला फोन केला.

'उतरलास?'
'उतरलो.'
'पाट?'
'हलला नाही.'
'थांब, डायरी आणतो,' म्हणालात. हरीण मिळालं का, हे तुम्ही अजूनही विचारलेलं नाही.

शनिवारी येतोय. पिंपाची तोटी गळते म्हणाला होतात, ती बदलून देतो. काकींसाठी मिरचीची रोपं मात्र आता मे महिन्यातच मिळतील, तोवर वाफ्याचं कर्ज माझ्या नावावर. तुमचा स्टीलचा डबाही माझ्याकडेच आहे.

तुमचा,
पाटवाला